भेदभावाच्या कायद्यावर लक्ष कोण ठेवते?

प्रश्न : वारंगा फाट्यावर माझे छोटेसे दुकान आहे. गिऱ्हाईक नसले की पेपर वाचत बसतो. जातिभेद, वंशभेद यांच्याविरुद्ध कायदे आहेत हे ठाऊक आहे. पण सरकार ते नीट राबवते की नाही, हे पाहणारे कोणी आहे का? एक गिऱ्हाईक म्हणाले, जिनिव्हात एक समिती बसते आणि देशोदेशीच्या सरकारांकडून हिशेब मागते. दुसरे म्हणाले, जिनिव्हाचे सोडा, समिती कलेक्टरसाहेबांची असते. आम्हाला तर फाट्यावर यांतले कोणीच कधी दिसले नाही. मग खरे कोणाचे?
– एक वाचक, वारंगा फाटा (ता. कळमनुरी, जि. हिंगोली)

उत्तर : तुमच्या दोन्ही गिऱ्हाइकांचे खरे आहे. समिती जिनिव्हातही आहे आणि हिंगोलीतही आहे. दोघींची कामे वेगळी, अधिकार वेगळे. पण एकीचा कागद फिरत फिरत दुसरीपर्यंत जातो. त्या कागदाची सुरुवात तुमच्या आखाडा बाळापूरच्या पोलीस ठाण्यातल्या नोंदीपासून होते. म्हणून आपणही खालूनच वर जाऊ.

त्याआधी एक शंका दूर केली पाहिजे. कायदा झाला म्हणजे काम झाले, मग वेगळे लक्ष कशाला ठेवायचे, असे पुष्कळांना वाटते. याचे उत्तर महाडला मिळते. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदेमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी पैशाने बांधलेले किंवा सरकारी संस्था चालवतात ते पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्य मानलेल्या लोकांना खुल्या असतील, असा तो ठराव होता. महाडच्या नगरपालिकेनेही जानेवारी १९२४ मध्ये त्याला मान्यता दिली. कागदावर सारे झाले. पण चवदार तळ्यावर कोणी पाणी भरू शकले का, हे पाहण्याचे काम कोणाकडेच नव्हते आणि भरू दिले नाही तर जबाब कोणी द्यायचा, हेही ठरलेले नव्हते. शेवटी २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांच्यासोबत आलेले हजारो लोक स्वतः तळ्यावर गेले. त्यांच्यावर हल्ले झाले, नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, वाद न्यायालयात गेला आणि उच्च न्यायालयाचा निकाल आला मार्च १९३७ मध्ये. ठरावापासून निकालापर्यंत साडेतेरा वर्षांहून अधिक काळ गेला. ठराव चांगलाच होता. तो कोणी राबवायचा आणि कधीपर्यंत, एवढेच त्यात नव्हते.

तुमचा भाग तेव्हा निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे मुंबईचा ठराव इकडे लागूच नव्हता. हैदराबाद संस्थानात १३५८ फसली साली, म्हणजे १९४८-४९ च्या सुमारास, मंदिरप्रवेशाचा एक आणि सामाजिक निर्बंध दूर करण्याचा एक असे दोन नियम झाले. पुढे संविधान आले. त्याच्या कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली आणि कलम १५ ने दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले, विहिरी, तलाव, रस्ते यांच्या वापरात धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कोणालाही अडवायला मनाई केली. नागपूर-तुळजापूर आणि अकोला-नांदेड हे महामार्ग जिथे मिळतात तिथे तुम्ही राहता. हॉटेले, ढाबे, दुकाने हेच फाट्याचे जग. म्हणजे कलम १५ हे अक्षरशः तुमच्या दारातले कलम आहे.

या कलमांना शिक्षेची जोड मिळाली १९५५ च्या कायद्याने. हैदराबादचे दोन्ही नियम त्याने रद्द केले आणि देशभर एकच कायदा आणला. १९७६ मध्ये तो दुरुस्त होऊन त्याचे नाव नागरी हक्क संरक्षण अधिनियम झाले. हॉटेलात कोणाला जातीवरून वेगळे भांडे दिले, तर या कायद्याखाली एक ते सहा महिने कैद आणि दंड होऊ शकतो. पण हा कायदा मुख्यतः अडवणुकीचा विचार करतो. घर जाळले, जमीन हिसकावली, बाईची विटंबना केली, गावाने वाळीत टाकले, तर तो अपुरा पडतो. ही उणीव काय असते, हे मराठवाड्याने फार जवळून पाहिले आहे. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि नंतरच्या दिवसांत मराठवाड्यातल्या कितीतरी दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जळाली, माणसे मारली गेली. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ रोजी.

त्या दोन तारखांच्या मध्ये १९८९ चा अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम झाला. आपण सगळे ज्याला अ‍ॅट्रॉसिटी कायदा म्हणतो तोच. ३० जानेवारी १९९० पासून तो लागू आहे. तुमच्या प्रश्नाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचे म्हणजे १९९५ चे नियम. महाडच्या ठरावात जे नव्हते ते या नियमांत आहे : कोणते काम कोणाचे, आणि किती दिवसांत.

ते असे चालते. समजा, फाट्यावर एखाद्या अनुसूचित जातीच्या माणसावर अत्याचार झाला. गुन्हा बाळापूर ठाण्यात नोंदवला जाईल आणि त्याची प्रत फिर्यादीला फुकट मिळेल. तपास मात्र ठाण्यातल्या फौजदाराने करून चालत नाही. तो पोलीस उपअधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो. तपास संपवून साठ दिवसांत दोषारोपपत्र न्यायालयात गेले पाहिजे. उशीर झाला, तर का झाला हे अधिकाऱ्याने लेखी द्यायचे. जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक यांनी घटनास्थळी जायचे आणि पीडिताला तातडीची मदत सात दिवसांत मिळेल हे पाहायचे. दोषारोपपत्र आल्यापासून शक्यतो दोन महिन्यांत विशेष न्यायालयाने खटला संपवायचा. आरोपीच्या जामिनाची सुनावणी असेल, तर पीडिताला तसे कळवायचे. जिल्ह्यातल्या अशा खटल्यांची स्थिती काय आहे, याचा मासिक अहवाल पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत वर पाठवायचा.

आता कलेक्टरसाहेबांची समिती. तिचे नाव जिल्हा दक्षता व नियंत्रण समिती. जिल्हाधिकारी अध्यक्ष, समाजकल्याण विभागाचे सहायक आयुक्त सदस्य-सचिव. पोलीस अधीक्षक, जिल्ह्यातले खासदार-आमदार, अनुसूचित जाती-जमातींचे तीन राजपत्रित अधिकारी, याच समाजांतले जास्तीत जास्त पाच अशासकीय सदस्य आणि इतर समाजांतले, पण सामाजिक कामाशी जोडलेले जास्तीत जास्त तीन. या समितीने तीन महिन्यांतून किमान एकदा बसायचे. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. त्याआधी वारंग्याचा विषय परभणीच्या समितीपुढे जायचा. आता तो हिंगोलीत जातो. जिल्ह्याच्या खाली उपविभागालाही अशीच समिती असते, तिचे अध्यक्ष उपविभागीय अधिकारी.

या समितीविषयी दोन उलटसुलट गैरसमज आहेत. एक असा, की तिच्यापुढे नाव गेले म्हणजे माणूस अडकला. तसे नाही. समिती कोणाला दोषी ठरवत नाही, निर्दोषही ठरवत नाही. ते न्यायालयाचे काम. समिती पाहते ते सरकारी यंत्रणेकडे. किती गुन्ह्यांचा तपास साठ दिवसांच्या पुढे गेला? का गेला? किती पीडितांना मदत मिळाली, किती जणांची अडकली? सरकारी वकील खटले कसे चालवतात? म्हणजे तिथे खरी परीक्षा अधिकाऱ्यांची असते. दुसरा गैरसमज नेमका उलटा : ही चहापाण्याची बैठक, तिच्याने काय होणार? बैठकीत पोलीस अधीक्षक आणि आमदार एकाच टेबलावर असताना एखादे प्रकरण चार महिने का रखडले, असे कोणी विचारले, तर उत्तर इतिवृत्तात लिहावे लागते. अर्थात कोणी तरी ते विचारले पाहिजे.

जिल्ह्यावर राज्य. मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली राज्यस्तरीय दक्षता व नियंत्रण समिती असते. तिने वर्षातून किमान दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, बसायचे. वर्षभर काय केले याचा अहवाल राज्याने ३१ मार्चपर्यंत केंद्राला द्यायचा. केंद्राने सगळ्या राज्यांचे एकत्र करून दरवर्षी संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे ठेवायचे. हे बंधन कायद्याच्या कलम २१ मध्येच आहे. याशिवाय राष्ट्रीय अनुसूचित जाती आयोग आणि अनुसूचित जमाती आयोग आहेत. हे दोन्ही आयोग संविधानाने निर्माण केलेले. चौकशीपुरते त्यांना दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. ते अधिकाऱ्याला समक्ष बोलावू शकतात, कागद मागवू शकतात. त्यांची शिफारस मात्र आदेशासारखी बंधनकारक नसते. अनुसूचित जाती आयोगाचे कार्यालय पुण्यातही आहे.

आता तुमच्या मनात जे आले असेल ते मीच लिहितो : हे सगळे नियमाप्रमाणे होते का? होत नाही, असे खुद्द सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे. दलित मानवी हक्कांसाठी काम करणाऱ्या एका राष्ट्रीय संघटनेने २००६ मध्ये याचिका केली होती. तिचा निकाल १५ डिसेंबर २०१६ रोजी लागला. कायद्यात उणीव नाही, तो राबवण्यात यंत्रणा कमी पडते, असा त्याचा सारांश आणि नियम काटेकोर पाळा, असा सरकारांना आदेश. कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करणाऱ्या, अनुसूचित जाती-जमातींबाहेरच्या लोकसेवकाला सहा महिने ते एक वर्ष कैदेची तरतूद कायद्याच्या कलम ४ मध्ये आहे, पण तिला आधी प्रशासकीय चौकशीची शिफारस लागते. म्हणजे अधिकाऱ्याची चूक झाली असे दुसऱ्या अधिकाऱ्यानेच आधी म्हणायला हवे. माझ्या मते सगळ्या साखळीतली सर्वांत कच्ची कडी हीच. बैठक घेण्याची मुदत नियमात लिहिली, पण बैठक झालीच नाही तर आपोआप काय घडेल, हे लिहिले नाही.

प्रश्न : जिनिव्हाच्या समितीला आपण उत्तर का द्यायचे? आणि जात म्हणजे वंश नव्हे, मग तिचा आपल्याशी संबंध काय?

उत्तर : उत्तर द्यायचे, कारण आपण तसे वचन दिले आहे. सर्व प्रकारचा वंशभेद नाहीसा करण्याविषयीचा आंतरराष्ट्रीय करार संयुक्त राष्ट्रसंघाने २१ डिसेंबर १९६५ रोजी स्वीकारला आणि भारताने १९६८ मध्ये तो मान्य केला. कोणी लादला असे नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णद्वेषाचा प्रश्न राष्ट्रसंघात १९४६ मध्ये पहिल्यांदा नेला तोही भारतानेच. करार मान्य करणाऱ्या देशाने दर दोन वर्षांनी अहवाल द्यायचा. अठरा तज्ज्ञांची समिती तो वाचते, प्रश्न विचारते आणि आपली निरीक्षणे जाहीर करते. दंड नाही, शिक्षा नाही. जगापुढे लेखी उत्तर द्यावे लागते, एवढेच तिचे बळ.

जात आणि वंश या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तुमचे म्हणणे भारत सरकारचेही आहे. पण करारात भेदभावाची कारणे सांगताना वंश आणि वर्ण यांच्या जोडीने जन्माने आलेले कूळही लिहिलेले आहे. समितीने २००२ मध्ये स्पष्ट केले, की जातीवरून होणारा भेदभाव या कुळाच्या कारणात बसतो. वाद नेमका इथे आहे. २००१ मध्ये दक्षिण आफ्रिकेत डर्बनला वंशभेदविरोधी जागतिक परिषद भरली, तेव्हा भारतातल्या दलित संघटना तिथे जाऊन हेच मांडत होत्या आणि सरकारचे शिष्टमंडळ त्याला विरोध करत होते. डिसेंबर २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी दिल्लीतल्या एका परिषदेत अस्पृश्यतेची तुलना दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषाशी केली. दोनच महिन्यांनी, फेब्रुवारी २००७ मध्ये, जिनिव्हात भारताचा अहवाल तपासला गेला तेव्हा सरकारची भूमिका तीच राहिली : जात या कराराखाली येत नाही. त्यानंतर दीर्घ काळ पुढचा अहवाल गेला नाही.

माझे मत विचाराल तर, मानववंशशास्त्राच्या व्याख्येचा हा वाद विद्वानांनी खुशाल चालू ठेवावा. ज्याला विहिरीवरून हाकलले त्याच्या दृष्टीने कारण एकच असते, की तो अमुक घरात जन्मला. करारातला शब्द त्या जन्माविषयीच आहे. आणि जगापुढे हा प्रश्न न्यावा, ही कल्पना नवी नाही. १९४६ मध्ये खुद्द बाबासाहेबांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी राष्ट्रसंघाला दिलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या होत्या.

वारंग्याहून थेट जिनिव्हाला तक्रार पाठवता येईल का, असेही काही जण विचारतात. येणार नाही. वैयक्तिक तक्रारी ऐकण्याचा अधिकार या समितीला त्या त्या देशाने वेगळी संमती दिली तरच मिळतो आणि भारताने ती दिलेली नाही. संघटना मात्र सरकारच्या अहवालाला समांतर असा आपला अहवाल समितीला देऊ शकतात, आणि देतात.

वंशभेद आपल्याकडे नाहीच, हेही खरे नाही. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी पुण्या-मुंबईत, दिल्लीत आलेल्या ईशान्येकडच्या मुलामुलींना चेहऱ्यावरून काय काय ऐकावे लागते, ते त्यांना विचारा. २०१४ मध्ये दिल्लीत अरुणाचलच्या एका विद्यार्थ्याचा मारहाणीनंतर मृत्यू झाला, तेव्हा केंद्राने बेझबरुआ समिती नेमली. १४ डिसेंबर २०१६ रोजी, म्हणजे वर सांगितलेल्या निकालाच्या आदल्याच दिवशी, अशा घटनांवर नजर ठेवण्यासाठी गृह मंत्रालयाने समिती नेमावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, पाच किंवा अधिक जणांनी मिळून वंश, जात, जन्मस्थान, भाषा अशा कारणांवरून केलेल्या खुनाला वेगळे कलम आहे. मात्र घर, नोकरी, शाळा अशा सर्व ठिकाणच्या सर्व प्रकारच्या भेदभावाचा एकत्र विचार करणारा एक सर्वंकष कायदा आपल्याकडे अजून नाही.

आणि जात परदेशी गेली, तेव्हा परदेशच्या कायद्यालाही तिची दखल घ्यावी लागली. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिॲटल हे जातीवरून भेदभाव करण्यास बंदी घालणारे अमेरिकेतले पहिले शहर ठरले. तो प्रस्ताव मांडणाऱ्या नगरसेविका क्षमा सावंत मूळच्या पुण्याच्या.

प्रश्न : अ‍ॅट्रॉसिटीच्या केसमधले बरेच लोक सुटतात. म्हणजे केस खोट्याच असतात ना?

उत्तर : हा निष्कर्ष फार घाईचा आहे, म्हणून जरा थांबून पाहू. पोलिसांना तपासात तक्रार खोटी वाटली, तर ते तसा अहवाल देऊन प्रकरण बंद करतात. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीत त्याचा रकाना वेगळा असतो. न्यायालयातून सुटका हा त्याहून निराळा रकाना. सुटका म्हणजे पुरावा शंकेच्या पलीकडे गेला नाही. तो का गेला नाही, याची कारणे अनेक. साक्षीदार त्याच गावात, त्याच मालकाच्या शेतात कामाला असतो; खटला लांबला की तो फिरतो. तपास उपअधीक्षकाऐवजी खालच्या अधिकाऱ्याने केला, म्हणून खटला कोसळतो. गुन्हा जातीमुळे घडला, हे सिद्ध करण्याचा प्रयत्नच होत नाही.

यातले शेवटचे कारण समजायला भंडारा जिल्ह्यातले खैरलांजी पुरे आहे. २९ सप्टेंबर २००६ रोजी तिथे भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवले, त्यांतल्या सहा जणांना फाशी सुनावली. २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीची जन्मठेप केली. म्हणजे खून झाले, ते कोणी केले हेही सिद्ध झाले. पण अ‍ॅट्रॉसिटी कायद्याची कलमे त्या खटल्यात टिकली नाहीत. तेव्हा, अ‍ॅट्रॉसिटीतून सुटला म्हणजे काही घडलेच नव्हते, असे म्हणणाऱ्याला खैरलांजीचे नाव सांगावे. दलित कुटुंबातली चार माणसे मारली गेली आणि त्यात जातीचा भाग न्यायालयाला मान्य झाला नाही, याची बोच महाराष्ट्राला अजून आहे.

खोटी तक्रार कधीच होत नाही, असा याचा अर्थ नाही. प्रत्येक कायद्याखाली काही खोट्या तक्रारी होतात. चोरीच्याही होतात, म्हणून चोरीचे कलम कोणी सैल करत नाही. २० मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात, गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशी करावी आणि अटकेआधी परवानगी घ्यावी, असे निर्देश दिले. देशभर निदर्शने झाली, २ एप्रिलला भारत बंद झाला. त्याच वर्षी संसदेने कलम १८-अ घालून ते निर्देश निष्प्रभ केले. १ ऑक्टोबर २०१९ रोजी न्यायालयानेही पुनर्विचार करून ते मागे घेतले आणि खोटेपणा हा माणसाचा दोष आहे, जातीचा नव्हे, अशा अर्थाचे मत नोंदवले.

पैशासाठी तक्रारी होतात, हाही एक नेहमीचा आक्षेप. २०१६ च्या सुधारित नियमांप्रमाणे मदत ८५ हजारांपासून सव्वाआठ लाखांपर्यंत आहे. वरचा आकडा खुनासारख्या प्रकरणांत मिळतो. बहुतेक गुन्ह्यांत ती एकरकमी मिळत नाही : काही भाग गुन्हा नोंदल्यावर, काही दोषारोपपत्र गेल्यावर आणि उरलेला आरोपी दोषी ठरल्यावर.

प्रश्न : आमच्या शेजारी बंजारा तांडा आहे. त्यांच्या तेलंगणातल्या नातेवाइकांना अ‍ॅट्रॉसिटी कायदा लागू होतो, त्यांना होत नाही, हे कसे?

उत्तर : ऐकायला विचित्र वाटते, पण तसेच आहे. अनुसूचित जाती आणि जमातींच्या याद्या राज्यनिहाय असतात. तेलंगणात लंबाडा अनुसूचित जमातीत आहेत. महाराष्ट्रात बंजारा विमुक्त जातींत आहेत आणि अ‍ॅट्रॉसिटी कायदा विमुक्त जातींना लागू नाही. तुमच्या तालुक्यातले आंध आदिवासी अनुसूचित जमातीत येतात, म्हणून त्यांना तो लागू आहे. आता यात आणखी एक भर. आपल्या राज्यात अनुसूचित जाती-जमातीची असलेली व्यक्ती दुसऱ्या राज्यात गेली तरी तिला या कायद्याचे संरक्षण असते, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०२३ मध्ये दिला. त्यामुळे देगलूरच्या वाटेने आलेल्या तेलंगणातल्या लंबाडा पाहुण्याला वारंग्यात हे संरक्षण आहे आणि ज्याच्या घरी तो उतरला त्या यजमानाला नाही.

मग यजमानाने काय करायचे? मारहाण, धमकी, विनयभंग यांसाठी सर्वसाधारण फौजदारी कायदा सर्वांना आहेच. शिवाय गावाने किंवा जातपंचायतीने वाळीत टाकले असेल, तर महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे. असा कायदा करणारे महाराष्ट्र हे पहिले राज्य. तो ३ जुलै २०१७ पासून लागू आहे आणि कोणत्याही जातीच्या माणसाला त्याचा आधार घेता येतो. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

प्रश्न : कलेक्टरसाहेबांच्या समितीची बैठक होते की नाही, हे माझ्यासारख्या दुकानदाराला कळेल का?

उत्तर : कळेल, आणि त्यासाठी वकील लागत नाही. माहिती अधिकार कायद्याखाली एक साधा अर्ज हिंगोलीच्या समाजकल्याण सहायक आयुक्त कार्यालयातल्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे करा. तिथूनच समितीचे कामकाज चालते. गेल्या दोन वर्षांत जिल्हा दक्षता व नियंत्रण समितीच्या बैठका कोणत्या तारखांना झाल्या, त्यांच्या इतिवृत्तांच्या प्रती, साठ दिवसांपुढे तपास रेंगाळलेल्या गुन्ह्यांची संख्या आणि मदत बाकी असलेल्या प्रकरणांची संख्या, एवढेच विचारा. कोणाही पीडिताचे नाव विचारू नका. ते मिळणार नाही आणि मिळूही नये. महाराष्ट्रात असा अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांत लिहायचा असतो. तीस दिवसांत उत्तर यायला हवे. आले नाही, किंवा अर्धवट आले, तर त्याच कार्यालयाच्या अपिलीय अधिकाऱ्याकडे पहिले अपील करता येते.

उत्तर आले की तारखा एकाखाली एक लिहून पाहा. दोन वर्षांत किमान आठ बैठका व्हायला हव्यात. आठ भरल्या, तर इतिवृत्त वाचा : मागच्या बैठकीतल्या विषयाचे पुढे काय झाले, हे पुढच्या बैठकीत आले आहे का, एवढे पाहिले तरी पुष्कळ कळते. आठ भरल्या नाहीत, तर तोच कागद घेऊन तुमच्या आमदारांना भेटा. ते त्या समितीचे सदस्य आहेत, तेव्हा हा त्यांच्याही हजेरीचा प्रश्न आहे. पुण्याच्या आयोगाकडेही प्रत पाठवता येईल. आणि कोणावर प्रत्यक्ष अत्याचार झाला असेल, तर अर्जाच्या उत्तराची वाट पाहायची नाही. बाळापूर ठाणे गाठायचे, किंवा १४५६६ या राष्ट्रीय मदत क्रमांकावर फोन करायचा. तो डिसेंबर २०२१ पासून चालू आहे.

माहिती अधिकाराच्या अर्जावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावायला मात्र विसरू नका. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तोही लागत नाही. दाखल्याची प्रत जोडली की झाले.